डिजिटल घेतलं, मग फिल्म कॅमेरा विकायचा का?

लग्न, क्रिकेट, बातमी या कामांत डिजिटलला तोड नाही. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, दर फोटोला बदलता येतो, चुकलं तर जागेवरच कळतं. ३५ मिमीच्या रोलमध्ये फोटो ३६च, धुलाईचा खर्च वेगळा. तरीही फिल्म कॅमेरा विकू नये, असं माझं ठाम मत आहे. भर उन्हात पांढरा सदरा घातलेल्या माणसाचा फोटो काढून बघा. डिजिटलमध्ये जास्त प्रकाशाने पांढरा रंग एकदा जळाला की सदऱ्याच्या चुण्या परत येत नाहीत. कलर निगेटिव्ह, म्हणजे नेहमीची रंगीत फिल्म, त्या सांभाळते. गडद सावलीत मात्र फिल्म हात टेकते, तिथे डिजिटलच. खर्च खुपत असेल, तर २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ हा फिल्म कॅमेरा अर्ध्या फ्रेमचा आहे, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन फोटो घेतो. त्याच रोलवर ७२ फोटो निघतात.