एडास घ्यायचं, की ड्रायव्हर ठेवायचा?

भाऊजींची गाडी पक्की झालीय, अडलंय व्हेरिएंटवर. टॉप मॉडेलात एडास (ADAS, कॅमेरे-सेन्सर लावून चालकाला मदत करणारी यंत्रणा) आहे, खालच्यात नाही. फरक सव्वादोन लाखांचा. ते म्हणतात, तेवढ्यात गावातला ड्रायव्हर रोजाने बोलावला तर कितीक वर्षं निघतील. दारव्ह्याहून महिन्याला दोनदा नागपूर. बाकी वावर, जिनिंग आणि लग्नं. वय एकसष्ट, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात.

शोरूममधला पोरगा म्हणाला, ‘गाडी आपोआप चालते.’ नाही चालत. आपल्याकडचं एडास लेव्हल टूपर्यंतचं, आपोआप चालण्याच्या ० ते ५ पायऱ्यांमधली खालची. गाडी स्टिअरिंग-ब्रेकला हातभार लावते, लक्ष तुम्हीच ठेवायचं. बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नागपूरचे खासदार गडकरी २०२३ मध्येच बोलून बसलेत.

भरवशाचं म्हणाल तर रस्त्यावर अवलंबून. समृद्धीवर ७०१ किलोमीटर सरळसोट रस्ता, पट्टे ठळक, डोळा लागायची भीती. तिथे लेन सुटल्याची सूचना खरंच कामाची. गावाकडचं वेगळं. एका ओळखीच्यांच्या एडासवाल्या गाडीत मी शेजारी बसलो होतो. दिवेलागणीला पुढे पऱ्हाटीने, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांनी, लादलेली बैलबंडी, रिफ्लेक्टर नाही, काड्या दोन्हीकडून लोंबलेल्या. स्क्रीनवर रस्ता मोकळा. काड्या मोजता येतील इतक्या जवळ आल्यावर त्यांनीच ब्रेक दाबला. पुढे रिकाम्या रस्त्यावर, बाभळीच्या सावलीपाशी, गाडीने स्वतःहून कचकन ब्रेक मारला. मागचा मोटरसायकलवाला थोडक्यात वाचला. गावचा ड्रायव्हर असता तर आधीच म्हणाला असता, ‘तूर उभी हाये, रोही असन, हळू घेतो.’ (रोही म्हणजे नीलगाय.) अर्थात तोच लग्नाहून परतताना पेंगला, तर त्याला जागं करायला पीं-पीं नाही.

जबाबदारीचं प्रकरण जास्त टोचणारं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात उबरच्या स्वतः चालणाऱ्या, चाचणीच्या गाडीने रात्री सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती गेली. समोर वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, यावर सॉफ्टवेअरचं मत बदलत राहिलं होतं. (आमची पऱ्हाटीची बंडी त्याला काय वाटली असती?) कंपनीवर फौजदारी गुन्हा झाला नाही. गाडीत देखरेखीला बसलेल्या बाईने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात हे उलटवलं: मान्यता मिळालेली गाडी स्वतः चालत असताना चूक झाली तर जाब कंपनीला, आत बसलेल्याला नाही. आपल्याकडे तसं काही नाही. एडास चालू असलं तरी पोलिसांच्या कागदावर चालक तुम्हीच.

ड्रायव्हर असला तर गुन्हा त्याच्यावर, भरपाई मालकावर, म्हणजे विम्यावर. पण त्याचं लायसन्स संपलेलं निघालं, तर विमा कंपनी दिलेले पैसे तुमच्याकडून वसूल करायला बघते. लायसन्स एकदा हातात घेऊन तारीख वाचा, ‘ओळखीचा आहे’ म्हणून सोडू नका.

राहिलं गुपित. इंटरनेट जोडलेली गाडी कुठे गेलात, किती वेगात, कितीदा ब्रेक कचकावला, हे कंपनीच्या सर्व्हरला सांगू शकते; काहींत चालकाच्या तोंडावरही कॅमेरा असतो. ड्रायव्हर हेच पानठेल्यावर सांगतो. आमच्या गावात पानठेला जास्त जलद आहे. फरक एवढाच की ड्रायव्हरला रागावता येतं. कंपनीशी भांडायला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात संमती मागे घ्यायचा हक्कही आहे. पण डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटताना अॅपवर ‘सहमत’ दाबलं जातं ते कोण वाचतो?

माझं मत ड्रायव्हरकडे, आणि कारण भाऊजींचे डोळे. एडासला मागे चांगलं दिसणारा, जागा माणूस लागतो. रात्री भाऊजी तो नाहीत. तिशीतला भाचा दर आठवड्याला समृद्धीने मुंबईकडे जाणारा असता, तर टॉप मॉडेल घे म्हटलं असतं.

तरी टॉपच घ्यायचं ठरलं, तर बुकिंगआधी डिलरकडून लेखी घ्या: अपघातानंतर ब्रेक कोणी दाबला, याची नोंद मला मिळेल का, किती दिवसांत? भाऊजींनी विचारलं. पोरगा म्हणाला, सरांना विचारून सांगतो, आणि सीट कव्हर फुकट द्यायला निघाला.