अब्रिल फॅटफेस: मोजक्या शब्दांचा, मोठ्या आकाराचा फॉन्ट

जाडजूड उभ्या रेषा आणि त्यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या बारीक रेषा यांच्यातला टोकाचा विरोध, हे अब्रिल फॅटफेसचे वैशिष्ट्य पहिल्याच नजरेत भरते. वेरोनिका बुरियन आणि होसे स्कालिओने यांच्या टाइपटुगेदर या संस्थेच्या ‘अब्रिल’ फॉन्टमालिकेतला हा सर्वांत ठसठशीत फॉन्ट असून, मुक्त परवान्यामुळे तो गूगल फॉन्ट्सवरून विनामूल्य घेता येतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन आणि फ्रान्समध्ये जाहिरातींच्या भित्तिपत्रकांवर झळकणाऱ्या वजनदार अक्षरांवरून तो बेतला आहे. मात्र त्या जुन्या छपाईतला ओबडधोबडपणा येथे औषधालाही नाही.

रोमन लहान लिपीतील ‘ए’, ‘सी’, ‘एफ’ आणि ‘आर’ यांच्या टोकांशी असलेले भरीव गोल ठिपके निरखून पाहावेत. एवढ्या वजनाच्या अक्षराला त्यांच्यामुळे एक खेळकर डौल येतो. अंकही तितकेच देखणे आहेत, त्यामुळे केवळ एखादे साल किंवा एखादा आकडा पानभर मांडला तरी मुखपृष्ठ तयार होते. पुस्तकाचे नाव, मासिकाचा मथळा, प्रदर्शनाचे भित्तिपत्रक, हे या फॉन्टचे खरे क्षेत्र होय.

सलग मजकुरासाठी मात्र तो मुळीच वापरू नये. आकार लहान झाला की बारीक रेषा विरून जातात, उभ्या रेषांचे नुसते गज उरतात आणि ‘एम’, ‘एन’, ‘यू’ शेजारी आल्यास डोळे गरगरतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छापताना शाई पसरून त्याच रेषा बुजण्याचा धोका असतो, आणि शाई शोषणाऱ्या खरखरीत कागदावर तो अधिकच वाढतो. दोन ओळींतले अंतर कमी ठेवले आणि खालचा मजकूर साध्या, सेरिफ (अक्षरांच्या टोकांवरच्या छोट्या आडव्या रेषा) नसलेल्या फॉन्टमध्ये घेतला, तर मथळा अधिक उठून दिसतो.

संकेतस्थळावर एक खबरदारी आवश्यक आहे. हा फॉन्ट एकाच वजनात, म्हणजे रेषांच्या एकाच जाडीत मिळतो, तर ब्राउझर मथळ्यांना आपणहून ‘बोल्ड’ करतो. परिणामी मुळातच जाड असलेली अक्षरे कृत्रिमरीत्या आणखी फुगवली जातात आणि त्यांच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते. मथळ्याचे वजन ४०० (म्हणजे साधे, ‘बोल्ड’ नव्हे) असे स्पष्टपणे नोंदवले की हा विद्रूपपणा टळतो. गूगल फॉन्ट्सवरच्या या फॉन्टमध्ये तिरक्या अक्षरांची स्वतंत्र आखणीही नाही, म्हणून ‘इटॅलिक’चा मोह टाळलेलाच बरा.

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव म्हणजे यात देवनागरी नाही. मथळ्यात दोन्ही लिप्या असतील, तर देवनागरी शब्द दुसऱ्याच एखाद्या फॉन्टमध्ये उमटतात आणि रोमन अक्षरांपुढे केविलवाणे दिसतात. अशा कामासाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ निवडावा. जाड-बारीक रेषांचा असाच तीव्र विरोध त्यात दोन्ही लिप्यांना मिळाला आहे आणि तोही मुक्त परवान्याचा आहे. निव्वळ रोमन मथळ्यासाठी माझी पसंती अब्रिललाच राहील.