वावर पोराच्या नावानं करताना: बिनशर्त देणं आणि अट घालून देणं

धुऱ्यावर बसून काकाजींनी विचारलं, "वावर पोराच्या नावानं करून देऊ का? मायबापाचं प्रेम बिनशर्तच असते ना." प्रश्न खरा होता. शब्द एकच असला, तरी घरात त्याचा अर्थ 'मी परत मागणार नाही' असा होतो आणि कागदावर 'मला परत मागता येणार नाही' असा.

धनादेश घ्या. १८८१ च्या कायद्यानुसार तो बिनशर्त आदेश असावा लागतो. "कापूस विकला तर पैसे द्या" असं लिहिलं, तर तो धनादेशच राहत नाही. तिथं बिनशर्तपणा घेणाऱ्याला सांभाळतो. १९५१ मध्ये विनोबांनी सुरू केलेल्या भूदानात दात्याचा हक्क संपे, पण मिळालेलं वावर विकायची मोकळीक घेणाऱ्याला नसे. दान इतकं मोठं, तरी अट होतीच.

आता काकाजींपुढचे मार्ग. नोंदणीकृत बिनशर्त बक्षीसपत्र केलं, की वावर आजच पोराचं. फेरफार होऊन सातबाऱ्यावर त्याचं नाव चढतं, पीककर्जही त्याच्या नावानं निघू शकतं. पण उद्या मन बदललं म्हणून ते रद्द होत नाही.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही (तरी करून घ्यावी), आणि जिवंतपणी हवं तितक्या वेळा बदलता येतं. पोराला आज मात्र काहीच मिळत नाही.

तिसरा मार्ग अटीच्या बक्षीसपत्राचा, आणि माझा कल तिकडेच. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्यानं अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. अटच नसेल तर कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं. २०२५ च्या एका निकालात त्यानं कायद्याचा उदार अर्थ लावला खरा, पण त्या भरवशावर राहू नका, अट कागदावरच आणा. नुसतं 'सांभाळ करील' नको. जेवण, औषधपाणी, राहायची खोली असं स्पष्ट लिहा. आणि वावर वडिलोपार्जित असेल, तर इतरांचे हिस्से आधी वकिलाकडून तपासून घ्या.

पोराला कर्जाची घाई नसेल, तर मृत्युपत्र पुरे.

काकाजी बराच वेळ पऱ्हाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अट लिही. पण पहिलं नाव तुह्या काकूचं टाक. तिच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला आल्या पाहिजे."