मुलांचं समुपदेशन केंद्र: एकच मुलगी, दोन बेरजा

पाचपैकी चार तारे. पाचवा कुठे कापला ते ओघात येईलच.

लेक अकरा वर्षांची. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखायचं, सुट्टीच्या दिवशी अजिबात नाही. मुलांच्या डॉक्टरांनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं करून घेतलं. रिपोर्ट नॉर्मल. ‘मग नाटकं करतेय का ही?’ असं मी विचारलं, तेही तिच्यासमोर. डॉक्टर म्हणाले, ‘दुखतंय ते खरंच दुखतंय. फक्त कारण पोटात नाही.’ आणि या केंद्राच्या नावाने चिठ्ठी दिली.

नंबर लागायला सात आठवडे लागले. अर्धा तारा इथे गेला. मात्र फोनवरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारलं, ‘जीव नकोसा झालाय असं बोलते का? स्वतःला इजा करते का?’ तसं काही दिसलं तर नंबराची वाट न बघता सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, असंही बजावलं. तेवढ्यासाठी त्यांना पूर्ण गुण.

मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे रिकामी बसले की रकाने आखते. त्या सात आठवड्यांत वही घातली: तारीख, कितीला दुखलं, रात्री झोप किती, शाळेत गेली का, शाळेतून फोन आला का, मी काय केलं. शेवटचा रकाना सहज म्हणून ठेवला होता. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी पहिल्या भेटीत सगळ्यात जास्त वेळ त्याच रकान्यावर घालवला.

त्याच भेटीत त्यांनी ‘स्केअर्ड’ नावाची प्रश्नावली भरायला दिली. मुलांच्या चिंतेसाठी ती बऱ्याच ठिकाणी वापरतात. ४१ वाक्यं, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, आणि बेरीज २५ किंवा वर गेली तर पुढे नीट तपासायचं. एवढ्यावरून निदान होत नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. एक प्रत मुलाने भरायची, एक पालकाने, वेगवेगळं बसून.

माझी बेरीज १९. तिची ३४.

दोन बाजू जुळल्या नाहीत की चूक शोधायची, ही माझी सवय. तिला प्रश्न कळले नसतील, असं मी म्हटलंसुद्धा. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. शाळा टाळण्याबद्दलच्या चार प्रश्नांत आमच्यात एका गुणाचा फरक होता. मोठा फरक होता तो घरच्यांपासून दूर राहण्याच्या प्रश्नांत. आई-बाबांना काहीतरी होईल अशी भीती वाटते का, असल्या प्रश्नांना मी मिळून २ दिले होते, तिने १२.

आदल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही तिला ‘आई ट्रेनिंगला गेलीय’ असं सांगितलं होतं. तिला ते तेव्हाच कळलं होतं. शाळेतून परत येईपर्यंत मी पुन्हा ‘ट्रेनिंगला’ गेलेली असेन, ही तिची भीती.

त्यानंतर चौदा सेशन झाली, प्रत्येकी पाऊण तासाचं. पहिल्याच सेशनला मॅडमनी आम्हा दोघींसमोर नियम सांगितला: तिने इथे सांगितलेलं आईपर्यंत जाणार नाही, तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढंच सांगितलं जाईल. मला हे फार लागलं. दाराबाहेर बसून मी तीच चार वर्षं जुनी मासिकं चाळत होते आणि आतून लेकीच्या हसण्याचा आवाज येत होता.

आत काय चालायचं त्यातलं मला दिसलं एवढंच: एक शिडी. फाटकापर्यंत जाऊन परत यायचं, मग लायब्ररीत एक तास, मग दोन तास वर्गात, मग आईला फोन न करता अर्धा दिवस. प्रत्येक पायरीवर भीतीला दहापैकी आकडा द्यायचा. तिसऱ्या पायरीवर ती तीन आठवडे अडकली. मॅडमना घाई नव्हती. मला होती.

खरी शिकवणी माझी झाली. वहीच्या शेवटच्या रकान्यात आठवड्याला सरासरी तीनदा लिहिलेलं होतं, ‘घरी आणलं’. मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही आणायला गेलात की दुखणं थांबतं. म्हणजे पुढच्या वेळी आणखी लवकर दुखणार.’ ‘काही होत नाही गं’ हे माझं पालुपदही बंद करवलं. त्याऐवजी म्हणायचं, ‘अवघड जातंय ते दिसतंय मला, आणि तुला जमेल.’ पहिले काही दिवस हे बोलताना मला नाटकात काम केल्यासारखं वाटायचं. आणि ऑपरेशनचं खरं काय ते घरी बसून सांगायला लावलं, टाके दाखवून.

मानसोपचारतज्ज्ञांना एकदाच भेटलो. औषध द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. सध्या नको म्हणाले, पण लागलंच तर परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि सुरुवातीला मुलावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, हे न विचारता सांगितलं.

आता तक्रारी. रिसेप्शनवर भर गर्दीत ‘मुलीला काय त्रास आहे?’ असं मोठ्याने विचारतात. लेक खुर्चीत अशी आक्रसली की मी तिला तशीच परत नेणार होते. कागदावर लिहून घ्यायला काय जातं? शाळेला द्यायचं पत्र तीन आठवडे उशिरा आलं, तोवर वर्गशिक्षिका तिला ‘लाडावलेली’ म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. आणि सगळ्यात कहर म्हणजे, शाळेत न जाणाऱ्या मुलीला दर मंगळवारी शाळेच्याच वेळात बोलावायचं!

सध्या ती रोज जाते. सोमवारी पोट दुखतं, तरी जाते. दोन महिन्यांनी फॉलोअप आहे. वेळ मिळालीय मंगळवार, सकाळी अकरा. बदलून मागितलीय, अजून उत्तर नाही.