लोखंडी कढई: आठ महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीनंतर मला शाळेचा जिना चढवेना. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर कठड्याला धरून उभं राहायचं, दम खाऊन मग वर. संध्याकाळी कणीक मळायला घेतली की हात गळून जायचे. झोप कमी पडते, शाळेचं काम वाढलंय, असं म्हणत तीन महिने ढकलले. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. बायकांचं निदान १२ तरी हवं. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तोही तळाला गेलेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या होत्या. म्हणजे स्टाफरूममधल्या निम्म्याअधिक जणी माझ्यासारख्याच असणार, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, असं बजावलं. चहामुळे लोह अंगी लागत नाही. कढईचं सुचवलं ते सासूबाईंनी.

ती घेतली फलटणच्या आठवडी बाजारात, रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या लोहार कुटुंबाकडून. नवरा ऐरणीवर तापलेलं लोखंड धरत होता आणि बाई उभी राहून घण घालत होती. त्या बाईकडे बघून माझाच जीव दमला. दहा इंची, घडीव, वजन दोन किलोला थोडं कमी, किंमत ४५० रुपये. बिडाची कढईही बघितली होती. पण बीड हातातून पडलं तर तडकतं, ही आपटली तरी काही होत नाही. "ताई, पैल्यांदा कांद्याची सालं आन् मीठ परता तिच्यात, मग त्याल पाजा," असं बाईने सांगितलं. दोन दिवस तेच केलं. सालं काळी कुळकुळीत झाली, घरभर धूर. तिसऱ्या दिवशी तळाला मऊ चकाकी आली.

पहिली मेथी मात्र काळीठिक्कर पडली आणि मुलाने ताट सरकवलं. चूक माझी होती. भाजी झाली की ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, कढईत ठेवायची नाही. चिंच-गुळाची आमटी एकदाच केली, तोंडात लोखंडाची चव राहिली. आंबट पदार्थात लोह जास्त उतरतं हे खरं, पण चवही उतरते. टोमॅटो घालून केलेली पालेभाजी मला जमली. वरून लिंबू पिळते, कारण लिंबाने लोह शोषलं जायला मदत होते. पिठलं आणि झुणका तर दुसऱ्या कशात करवतच नाही आता. कडेची खरपुडी खरवडून खायला मुलगाच पुढे असतो.

खरी अडचण वजनाची. अंगात त्राण नसतं तेव्हा ही भरलेली कढई एका हाताने कलती करणं अवघड जातं आणि दोन्ही कान सणसणीत तापतात. घासून ओली ठेवली तर सकाळी तांबूस गंज. म्हणून धुतली की गॅसवर कोरडी करून तेलाचं बोट फिरवायचं. हे काम आता नवऱ्याकडे दिलंय. ते नसतं तर कढई महिन्याभरात माळ्यावर गेली असती. घरात हात लावणारं दुसरं कुणी नसेल तर आठ इंची घ्या.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ आलं. यातलं गोळ्यांचं किती आणि कढईचं किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. मोठा वाटा गोळ्यांचाच, असं डॉक्टर म्हणाले. कढई मुरत जाते तसं तिच्यातून उतरणारं लोहही कमी होतं. म्हणून कढई आणली म्हणून गोळ्या बंद, असं कृपा करून कुणी करू नका. आणि तपासल्याशिवाय गोळ्याही सुरू करू नका. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचंही हिमोग्लोबिन कमी असू शकतं, पण त्यांना लोह कमी असतंच असं नाही.

कोटिंगवाली किंवा इनॅमल चढवलेली घेऊ नका, तिच्यातून लोह उतरत नाही. माझ्या बहिणीसाठी दुसरी सांगून ठेवली आहे, आठ इंची. लोहारीणबाई म्हणाल्या, पुढच्या बाजाराला तयार.