पाण्याचे रांजण की पाच पाट्या?

मशालींनी दूरवर निरोप धाडायच्या दोन पद्धती ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस आपल्या इतिहासाच्या १०व्या खंडात सांगतो.

पहिली युद्धकलेवर लिहिणाऱ्या एनिअस या ग्रीक लेखकाची, इ.स.पू. ४थ्या शतकातली. दोन्ही ठाण्यांवर एकाच मापाचे, पाण्याने भरलेले रांजण. पाण्यावर बूच तरंगतं, त्यात उभ्या काठीवर भाग पाडून ‘घोडदळ आलं’, ‘जहाजं आली’ असे निरोप लिहिलेले. मशाल दिसली की दोघांनी एकदम तोट्या उघडायच्या. दुसऱ्यांदा दिसली की बंद करायच्या. पाणी उतरतं तशी काठी खाली जाते; रांजणाच्या काठाशी आलेला मजकूर हाच निरोप. कल्पना सुरेख, शिकायलाही सोपी. पण घोडदळ किती आणि कुठे आलं? काठीवर आधी लिहिलेलं नाही ते सांगताच येत नाही.

दुसरी क्लिओक्सेनस आणि डेमोक्लीटस यांची, पॉलिबिअसने स्वतः सुधारलेली. ग्रीक लिपीची २४ अक्षरं पाच पाट्यांवर: चारांवर पाच-पाच, शेवटच्या पाटीवर चार. डावीकडच्या मशाली पाटीचा क्रमांक सांगतात, उजवीकडच्या त्या पाटीवरचं अक्षर. ‘कॅप्पा’ या दहाव्या अक्षरासाठी डावीकडे दोन, उजवीकडे पाच. डावं-उजवं वेगळं ओळखायला दोन नळ्यांचं यंत्रही हवं. काम वेळखाऊ, म्हणून पॉलिबिअस शब्द कमीत कमी ठेवायला सांगतो, आणि सरावावर फार भर देतो.

तरीही माझी पसंती निःसंशय पाट्यांनाच. कुणाच्या ध्यानीमनी नसलेली बातमीसुद्धा त्यांतून जाते. पुढे हाच पाच बाय पाचचा चौकोन गुप्तलेखनात शिरला. पॉलिबिअसला मात्र लपवायचं नव्हतं, पोचवायचं होतं.