केर्नवर भाडोत्री टोळीची मोहीम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

केर्न या टेबलावर बसून, पात्रं घेऊन खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये वार चुकत नाही. वार लागला की नाही हे ठरवणारा फासाच इथे नाही. शस्त्र चालवलं की थेट इजेचा फासा टाकायचा, त्यातून समोरच्याचं चिलखत वजा करायचं आणि उरेल तेवढं त्याने सोसायचं. चौदाव्या शतकातल्या युरोपातल्या भाडोत्री सैनिकांची मोहीम, म्हणजे अनेक सत्रांची सलग गोष्ट, आठ महिने चालवल्यावर ठामपणे सांगता येतं की या विषयासाठी या एका नियमाइतकं उपयोगी काहीच नाही. प्रत्येक लढाईत रक्त सांडणार हे नक्की असलं की खेळाडू आधी करार वाचतात, पगार विचारतात आणि पळायची वाट बघून ठेवतात. भाडोत्री सैनिक वागेल तसंच.

योखाई गाल यांचा हा गेम २०२० साली आला. बेन मिल्टन यांचा नेव्ह आणि ख्रिस मॅकडॉवल यांचा इन्टू द ऑड हे आधीचे दोन गेम त्याचे आईबाप. पहिली आवृत्ती जेमतेम २४ पानांची आहे आणि पीडीएफ फुकट मिळते. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असल्यामुळे श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून मराठीत भाषांतर करून वाटता येतं. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, मराठीत करून घ्याच. ताकद, चपळाई आणि मनोबल अशा तीनच गोष्टी लिहायच्या असतात. प्रत्येकीसाठी तीन सहा-बाजूंचे फासे टाकायचे आणि हवं तर कुठल्याही दोन आकड्यांची अदलाबदल करायची. नवीन पात्र पंधरा मिनिटांत तयार होतं. आणि पात्रं मरत असल्यामुळे इथे नवीन बरीच लागतात.

गोंधळ हमखास होतो तो एचपीवर. केर्नमधला एचपी (हिट प्रोटेक्शन) म्हणजे रक्त किंवा जीव नव्हे. जखम टाळण्याची क्षमता. सुरुवातीला तो एका सहा-बाजूंच्या फाशाने ठरतो, म्हणजे १ ते ६. समजा एकाचा एचपी ३, ताकद १० आणि चिलखत १ आहे. भाल्याच्या आठ-बाजूंच्या फाशावर ८ पडले. चिलखताने १ अडवला, ७ उरले. तीनने एचपी शून्य झाला, उरलेले ४ ताकदीतून गेले. ताकद ६ राहिली. आता वीस-बाजूंच्या फाशावर ६ किंवा कमी पडले तरच तो उभा राहतो. म्हणजे शंभरात तीस वेळा. एरवी तो क्रिटिकल होऊन कोसळतो, फार तर सरपटू शकतो, आणि तासाभरात कोणी जखम पाहिली नाही तर मरतो. हा बचावाचा फासा, म्हणजे सेव्ह, घटलेल्या ताकदीवर टाकायचा असतो, मूळ १० वर नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक टेबलावर होते आणि त्यामुळे गेम आहे त्यापेक्षा मवाळ वाटतो.

एचपी नेमका शून्यावर थांबला तर व्रणांचा तक्ता बघायचा. इथे अनुभवाचे गुण नाहीत, लेव्हल नाहीत. माणूस वाढतो तो त्याच्यासोबत जे घडतं त्यातून, आणि हे व्रण त्याचा मोठा भाग आहेत. ‘नेमका शून्य’ हे शब्द वॉर्डनने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आपल्या कागदावर लाल शाईने लिहून ठेवावेत. घाईत हा तक्ता विसरला की मोहिमेतली अर्धी वाढच नाहीशी होते.

चिलखताचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करायला हवा. चिलखत ३ च्या पुढे जात नाही. सहा-बाजूंच्या फाशाची सरासरी इजा चिलखत नसताना ३.५, चिलखत १ ला २.५, चिलखत २ ला साधारण १.७ आणि चिलखत ३ ला फक्त १. म्हणजे पूर्ण पोलादी चिलखत घातलेल्यासमोर खंजीर घेतलेला गावगुंड अर्ध्या वेळा काहीच करू शकत नाही. दोन हातांच्या दहा-बाजूंच्या शस्त्राने तोच आकडा २.८ होतो. म्हणून शत्रूंच्या हाती हॅल्बर्ड (लांब दांड्याची कुऱ्हाड) आणि युद्धहातोडे असू द्यावेत. ते त्या काळाला धरूनही आहे. पोलादी चिलखत ६० सोन्याच्या नाण्यांना येतं आणि सामानाचे दोन कप्पे खातं. साखळीचं चिलखत ४० आणि शिरस्त्राण १० घेतलं तर ५० नाण्यांत तेवढंच संरक्षण मिळतं, पण कप्पे तीन जातात. ही निवड कागदावर क्षुल्लक दिसते. खेळताना तिच्यावरून खरी घासाघीस होते.

कारण या गेमचा खरा मालक पाठीवरची पिशवी आहे. एकूण कप्पे दहा. पोलादी चिलखत २, हॅल्बर्ड २, शिधा १, मशाल १, दोर १ मिळून सात झाले. थकवाही कप्पा अडवतो: रात्रभर चालून एक थकवा आला आणि अन्नावाचून आणखी एक, की नऊ. वाटेत चर्चमधलं चांदीचं पात्र उचललं की दहा, आणि दहाही कप्पे भरले की एचपी थेट शून्य. जादूच्या पुस्तकातून मंत्र वापरला तरी एक थकवा लागतोच. लुटीच्या मोहाची किंमत इतक्या साधेपणाने मोजणारा दुसरा नियम पाहण्यात नाही. कप्प्यांसाठी दहा चौकोन छापून त्यांवर कागदाचे तुकडे ठेवावेत. खोडरबरने खोडत बसलं की तिसऱ्या सत्रापासून लोक थकवा लिहायचाच सोडतात.

भाड्याने घेतलेल्या माणसांना रोजचे १ ते ३ सोन्याची नाणी किंवा लुटीतला वाटा द्यावा लागतो. सहा माणसं दोनच्या दराने घेतली तर महिन्याला ३६० नाणी. एका माणसाकडे सुरुवातीला सरासरी साडेदहा नाणी असतात, तेव्हा मालक शोधावाच लागतो. एक गणित मात्र खेळाडूंना आधीच समजावून सांगा. अनेकांनी एकावर हल्ला केला तर सगळे फासे टाकून सर्वांत मोठा तेवढा धरतात. सहा-बाजूंचा एक फासा ३.५ देतो, दोन ४.५, तीन जेमतेम ५. चौथा माणूस त्याच शत्रूवर लावणं म्हणजे पगार वाया घालवणं. माणसं पसरवावीत.

पुस्तिका तोकडी पडते ती टोळीच्या पातळीवर. ‘तुकडी’चे, म्हणजे अनेक सैनिक मिळून एकच लढवय्या धरायचे, नियम फार थोडक्यात आहेत. तुकडी एकट्यावर हल्ला करते तेव्हा बारा-बाजूंचा फासा पडतो आणि समोर असलेल्या प्रत्येकाला वेगळा मार बसतो. एकट्याने तुकडीवर वार केला तर शस्त्र कुठलंही असो, चार-बाजूंचाच फासा. इथेच एक फसगत आहे: तुकडीला चिलखत २ दिलं तर एकट्याची सरासरी इजा पाऊण होते, ३ दिलं तर पाव. लढाई संपतच नाही. तुकडीचं चिलखत १ च्या वर नेऊ नये आणि निकाल मनोबलावर सोडावा. शत्रूचा पहिला माणूस पडला की मनोबलाचा एक सेव्ह, निम्मे गेले की दुसरा; फसला तर ते पळतात. हा नियम विसरला तर प्रत्येक चकमक कत्तल होते. नीट पाळला तर बहुतेक लढाया पळापळीत संपतात, आणि मग कैदी, खंडणी, सोडून दिलेले घोडे यांतून पुढचं सत्र आपोआप उभं राहतं.

तुकडीत किती माणसं हे पुस्तिका सांगत नाही. इतिहासातून उत्तर मिळतं. १३६० च्या इंग्लंड-फ्रान्समधल्या ब्रेतिन्यी तहानंतर बेकार झालेल्या सैनिकांनी टोळ्या केल्या, त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधलं पाँ-सेंतेस्प्री हे गाव घेतलं आणि १३६२ मध्ये ब्रिन्येला फ्रेंच राजाच्या सैन्याचा पराभव केला. पुढे जॉन हॉकवुड हा इंग्रज ज्या व्हाइट कंपनी या भाडोत्री टोळीचा कप्तान झाला, तिने इटलीत तिघांचा ‘लान्स’ रूढ केला: एक चिलखती स्वार, एक स्क्वायर (त्याचा सहायक लढवय्या) आणि घोडे सांभाळणारा पोऱ्या. पायउतार होऊन पहिले दोघे मिळून एकच लांब भाला धरत. गेममध्ये दहा लान्स म्हणजे एक तुकडी धरली की पगार, शिधा, घोडे सगळ्याचा हिशेब बसतो.

करारासाठी एक वेगळा कागद ठेवा. इटालियन करारात ठरलेली मुदत असे आणि तिच्यापुढे मालकाच्या मर्जीवर वाढवायचा काळ. घोड्यांचा रंग आणि खुणा नोंदवून घेत, आणि नोकरीत घोडा मेला तर भरपाई मिळे. मराठी खेळाडूंना हे समजावताना शिलेदार आणि बारगीर हे दोन शब्द पुरतात. स्वतःचा घोडा असलेला शिलेदार तो गमावायला का घाबरतो हे एकदा कळलं की घोडदळाच्या हल्ल्याआधी भरपाईचं कलम वाचायला कोणालाही सांगावं लागत नाही.

गोष्टीतल्या क्रौर्याचं प्रमाणही आधी ठरवावं. १३६१ ची प्लेगची दुसरी लाट आणि १३७७ मध्ये इटलीतल्या चेझेनात भाडोत्री सैनिकांनी केलेला संहार ही या विषयाची खरी पार्श्वभूमी आहे. त्यात भुतंखेतं फार घालावी लागत नाहीत. लुटलेल्या गावात काय दाखवायचं आणि काय कधीच दाखवायचं नाही, हे पहिल्या सत्राआधी सगळ्यांनी बसून बोलावं. गेम स्वतः याबाबतीत फारशी मदत करत नाही.

बरं होण्याचा नियम कडक आहे आणि तो सैल करू नये. थोडा आराम आणि घोटभर पाण्याने एचपी परत येतो, पण गेलेली ताकद भरून यायला वैद्याच्या देखरेखीखाली आठवडा लागतो. शत्रूच्या मुलखात असलेल्या टोळीला एक आठवडा म्हणजे फार मोठी गोष्ट. २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत पात्राच्या पूर्वायुष्याच्या वीस पार्श्वभूमी दिल्या आहेत. टोळीसाठी आउटरायडर (स्वार), मार्चगार्ड (सीमारक्षक) आणि बार्बर-सर्जन (जखमा पाहणारा न्हावी) यांपैकी निदान दोन असू द्या. बार्बर-सर्जन नसेल तर जखमी माणसाला सात दिवस कोणाच्या छपराखाली ठेवायचं आणि त्या घरमालकाला काय द्यायचं, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात समोर येतो.